चित्रपट आधी येतो, त्याची कीर्ती मागाहून

टिळकवाडीतील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "गेल्या सहा महिन्यांत आम्ही घरचे चौघे दोनदाच थिएटरला गेलो. एकदा जुनाच चित्रपट पुन्हा लावलेला होता आणि दुसऱ्यांदा मध्यंतरात उठून आलो. पुण्याचा भाऊ एखाद्या मराठी चित्रपटाबद्दल फोनवर भरभरून सांगतो, म्हणून चौकशी करावी तर 'तो मंगळवारीच उतरला' असे उत्तर मिळते. चांगले चित्रपट निघतच नाहीत, की बेळगावच्या थिएटरवाल्यांना ते लावायचेच नाहीत?"

मी या जिल्ह्यात तीस वर्षांहून अधिक काळ चित्रपटगृहांत काम केले आहे. सुरुवात तिकीट खिडकीवर झाली, पुढे व्यवस्थापक झालो आणि नंतरची बरीच वर्षे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील काही पडद्यांसाठी चित्रपट ठरवण्याचे, म्हणजे आमच्या भाषेत बुकिंगचे, काम केले. त्यामुळे हे उत्तर काउंटरच्या आतल्या बाजूने दिलेले आहे असे समजावे. आपल्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो 'मंगळवारीच' हा शब्द. निर्णय बहुधा रविवारी रात्रीच झाला असणार. आपल्याला तो मंगळवारी कळला इतकेच. आपली खरी अडचण चित्रपटांच्या दर्जाइतकीच या दोन-तीन दिवसांच्या हिशेबात आहे आणि मला त्याविषयीच अधिक सांगायचे आहे.

तरीही आधी चित्रपटच निघत नाहीत या शंकेकडे पाहू, कारण तिच्यात तथ्य आहे. हिंदीतील मोठ्या खर्चाचे चित्रपट ईद, दिवाळी, नाताळ अशा सुट्ट्यांभोवती गोळा होतात आणि त्यांच्या धाकाने मागचा-पुढचा आठवडा दुसरा कोणी घेत नाही. मार्चपासून परीक्षा आणि आयपीएल, पुढे पितृपक्ष, अशा काळात तर शुक्रवारी लावायला नवे काहीच हाताशी नसते. पूर्वी हे मोकळे आठवडे मध्यम खर्चाचे, घरगुती विषयांचे चित्रपट भरून काढत असत. 2020 च्या मार्चमध्ये चित्रपटगृहे बंद झाली तेव्हा त्या जातीचे चित्रपट ओटीटीकडे वळले आणि नंतर पुरते परतले नाहीत. इंग्रजी चित्रपटांची गोष्ट वेगळी आहे. हॉलिवूडमधील लेखकांचा संप 2 मे 2023 रोजी सुरू झाला, जुलैमध्ये नट-नट्याही संपावर गेले आणि सारे मिटेपर्यंत नोव्हेंबर उजाडला, त्यामुळे अडलेल्या चित्रीकरणाची झळ 2024 मध्ये इथपर्यंत पोहोचली. कॅम्प भागातील लष्करी कुटुंबे आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी यांच्यामुळे बेळगावात इंग्रजी चित्रपटाला ठरावीक प्रेक्षक नेहमीच असतो, आणि त्या वर्षी तो आमच्यावरच रागावलेला होता. आपण पाहिलेल्या जुन्या चित्रपटाचे कारणही याच टंचाईत आहे. 2018 चा 'तुंबाड' 13 सप्टेंबर 2024 रोजी पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई करून गेला, तेव्हापासून मोकळ्या आठवड्यात जुने काहीतरी लावण्याकडे सगळ्यांचाच कल वाढला आहे.

इतपत दोष पुरवठ्याचा आहे. पण भावाने सांगितलेला तो मराठी चित्रपट निघालाही होता आणि बेळगावला आलाही होता. मग तो टिकला का नाही?

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. चित्रपट रिळांवर येत असत तेव्हा एक प्रिंट काढायला पन्नास-साठ हजार रुपये लागत, म्हणून मराठी निर्माता मोजक्याच प्रिंट काढी. या प्रिंट आधी पुणे, मुंबई, कोल्हापूर, सांगली येथे चालत आणि तिथला भर ओसरला की रिळांच्या पेट्या आमच्याकडे येत. मधल्या रिळांवर रेघा पडलेल्या असत, जोड दिलेल्या ठिकाणी संवाद तुटत, एखादे गाणे निम्म्यातून सुरू होई. आम्ही वितरकाला शिव्या घालत असू. मात्र या उशिराचा एक फायदा होता आणि तो तेव्हा आमच्या लक्षातही आला नव्हता. पेट्या येण्याआधी चित्रपटाची कीर्ती येऊन पोहोचलेली असे. कोल्हापूरला दिलेल्या मुलीचे पत्र, पुण्यात नोकरीला असलेला भाचा, गाडीवर ड्रायव्हर असलेला शेजारी, यांपैकी कोणीतरी तो पाहिलेला असे, आणि बेळगावात पहिला शो सुरू होई तेव्हा तो कसा आहे हे निम्म्या गावाला ठाऊक असे. वाईट चित्रपट तर इथपर्यंत येतच नसे, कारण तो कोल्हापुरातच गळून पडे.

दुसरी गोष्ट म्हणजे पेट्या एकदा आल्या की आठवडाभर हलत नसत. वितरकाशी केलेल्या करारात आठवड्याच्या गल्ल्याचा एक आकडा ठरलेला असे, त्याला होल्डओव्हर म्हणत; गल्ला त्याच्या खाली गेला तरच पुढच्या शुक्रवारी चित्रपट उतरवता येई. म्हणजे सोमवारी वीस माणसे असली तरी गुरुवारच्या शोपर्यंत चित्रपट पडद्यावर असे, आणि तेवढ्या अवधीत शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांत त्याची चर्चा फिरून येई.

आता चित्रपट डिजिटल स्वरूपात येतो आणि त्याला उघडणारी सांकेतिक किल्ली ठरावीक पडद्याला, ठरावीक दिवसांपुरती दिली जाते. तो मुंबईत ज्या शुक्रवारी लागतो त्याच शुक्रवारी बेळगावातही लागतो. वरवर पाहता ही प्रगतीच आहे आणि चित्र-आवाजाच्या बाबतीत ती खरोखरच आहे. परंतु आता चित्रपट आधी येतो आणि त्याची कीर्ती मागाहून येते. शुक्रवारी सकाळी तो चांगला आहे की नाही हे ना आपल्याला माहीत असते, ना मला. आपण शहाण्या माणसाप्रमाणे ठरवता की चार जणांचे मत कळू दे, मग पुढच्या शनिवारी जाऊ. इकडे मात्र आठवड्याचे एकक मोडले आहे. पूर्वी निर्णय आठवड्याचा होत असे, आता तो शोचा होतो, कारण पेट्या हलवाव्या लागत नाहीत आणि संगणकावर सायंकाळचा शो दुसऱ्या चित्रपटाला देणे हे दोन मिनिटांचे काम आहे. शुक्रवारी बारा, शनिवारी वीस, रविवारी पस्तीस असे आकडे आले तर अनुभवी माणसाला ही चढती कमान दिसते. पण शेजारच्या पडद्यावर मोठ्या हिंदी किंवा कन्नड चित्रपटाची तिकिटे संपलेली असतात आणि मालक विचारतो की त्यालाच आणखी एक शो का देत नाही. या प्रश्नाला दर वेळी उत्तर देता येतेच असे नाही.

इथे सीमाभागाची म्हणून काही खास परिस्थिती आहे. महाराष्ट्रात मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मोक्याच्या वेळेचा शो द्यावा असा निर्णय तेथील शासनाने 2015 मध्ये जाहीर केला; तिथे त्याचे पालन किती होते हा वेगळा विषय, पण तो निर्णय कोगनोळीच्या सीमानाक्याअलीकडे लागू नाही. कर्नाटकात जीएसटी येण्यापूर्वी करमणूक कराची माफी कन्नड चित्रपटाला होती, मराठीला नव्हती, आणि महाराष्ट्रात करमुक्त असलेला मराठी चित्रपट इथे करासह विकावा लागे. 1 जुलै 2017 पासून तो भेद गेला, तरी सवय राहिली: मराठी वितरक बेळगावला 'वरचा', म्हणजे मिळाला तर मिळाला असा, धंदा मानतो. चित्रपटाचा खर्च पुणे-मुंबईत निघतो की नाही हे तो पाहतो आणि कलाकारांचा प्रसिद्धीचा दौरा कोल्हापुरात संपवतो. व्यापाराच्या नकाशावर गंमत अशी आहे की 1 नोव्हेंबर 1956 ला हा जिल्हा राज्य बदलून गेला तरी हिंदी चित्रपटांच्या वितरणात जुन्या मुंबई इलाख्यातील हा भाग मुंबई सर्किटमध्ये, म्हणजे मुंबईच्या वितरण विभागातच, धरला जात राहिला. त्यामुळे मला मराठी-हिंदीसाठी कोल्हापूर-मुंबईकडे आणि कन्नडसाठी बेंगळुरूकडे, अशा दोन दिशांना फोन करावे लागत. कन्नड चित्रपटामागे त्या राज्याचा पूर्ण बाजार उभा असतो, त्याची जाहिरात इथे दिसते, त्याचा तरुण प्रेक्षक पहिल्या दिवशी पहिल्या शोला येतो, आणि आपल्याकडील अनेक मराठी घरांतील मुलेही तो आवडीने पाहतात. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. मराठी चित्रपटाला महाराष्ट्रात एका मोठ्या चित्रपटाशी टक्कर द्यावी लागते तेव्हा इथे दोघांशी द्यावी लागते, एवढेच त्यातून समजून घ्यायचे.

आता पैशाचा हिशेब मांडतो, कारण थिएटरवाल्यांची इच्छा नाही हा आपला संशय त्याशिवाय फिटणार नाही. समजा एका मराठी चित्रपटाला दिवसाला एक शो दिला, प्रत्येक शोला सरासरी 25 माणसे आली आणि कर वगळून तिकीट 100 रुपये आहे. आठवड्याचा गल्ला 17,500 रुपये झाला. त्यातील निम्मा वितरकाचा धरला तर त्याला 8,750 रुपये मिळतात, आणि त्यातून दर पडद्याला द्यावी लागणारी डिजिटल फी, पोस्टर, वर्तमानपत्रातील जाहिरात वजा करायची. माझ्याकडे उरलेल्या 8,750 रुपयांत सात शोंची वीज, वातानुकूलन, प्रोजेक्टरवरचा माणूस, दारावरचा माणूस आणि सफाई भागवायची. दोघांचेही भागत नाही. तिकीट वाढवा म्हणावे तर तिथेही पेच आहे. सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 5 टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी आहे. दर मुळात 100 ठेवला तर प्रेक्षक 105 देतो; मी तो 110 केला तर प्रेक्षकाला 129 रुपये 80 पैसे पडतात. मला दहा रुपये अधिक मिळावेत म्हणून आपण जवळजवळ पंचवीस जादा मोजायचे, हे कोणाला पटेल? म्हणून लहान टॉकीज शंभराला चिकटून राहते आणि माणसे वाढण्याची वाट पाहते, आणि माणसे वाढायला तर वेळ मिळत नाही.

एक प्रसंग अजून माझ्या मनाला लागून आहे. काही वर्षांपूर्वी गावाकडच्या विषयावरचा एक मराठी चित्रपट मी दुपारच्या शोला लावला होता. शुक्रवारी अकरा माणसे होती. रविवारी तीसच्या आसपास गेली, पण सोमवारी पुन्हा नऊ, म्हणून मंगळवारपासून तो उतरवला. बुधवारी दुपारी खानापूर तालुक्यातील एका बचत गटाच्या चाळीसेक महिला दोन गाड्या करून आल्या. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी मुंबईच्या नणंदेने तो पाहून फोन केला होता. मी वितरकाला विनवले, परंतु किल्लीची मुदत त्याने आधीच संपवून टाकली होती आणि नवी मिळेपर्यंत सायंकाळ झाली असती. त्या महिला कॅन्टीनमध्ये चहा घेऊन परत गेल्या. चाळीस तिकिटे ही माझ्यासाठी मोठी रक्कम नव्हती. पण त्या दिवशी मला कळले की माझा सोमवारचा आकडा बरोबर होता आणि निर्णय चुकीचा होता.

त्यानंतर मी एक गोष्ट करू लागलो आणि माझ्या अनुभवात तीच सर्वांत उपयोगी ठरली. ज्या लहान मराठी चित्रपटाबद्दल खात्री नाही तो मी पहिल्या शुक्रवारी लावणेच सोडले. तो कोल्हापूर-सांगलीत कसा चालतो हे रोजच्या गल्ल्याच्या पत्रकावरून, म्हणजे डीसीआरवरून, विचारून घ्यायचे आणि तिथे सोमवारचा आकडा शुक्रवारच्या बरोबरीने राहिला तर इथे दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात लावायचा. जुना उशीर मी असा मुद्दाम परत आणला. फरक इतकाच की आता रेघा पडलेल्या रिळांऐवजी स्वच्छ चित्र मिळते. किल्ली कोणत्याही तारखांची काढता येते, त्यामुळे तांत्रिक अडचण नाही. अडचण वितरकाशी बोलताना येते. 2009 मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचा तंटा मिटला तेव्हा वितरकाचा हिस्सा पहिल्या आठवड्याला 50 टक्के, दुसऱ्याला 42.5, तिसऱ्याला 37.5 आणि पुढे 30 असे प्रमाण ठरले होते, आणि आजही बोलणी त्याच चौकटीच्या आसपास फिरतात. मग मी तिसऱ्या आठवड्यात लावलेला चित्रपट तिसऱ्या आठवड्याचा धरायचा की माझ्या पडद्यावर पहिल्या आठवड्याचा? वितरक अर्थातच पहिला म्हणतो. मी बहुतेक वेळा ते मान्य करीत असे, कारण भरलेल्या शोचे निम्मे हे रिकाम्या शोच्या साडेबासष्ट टक्क्यांपेक्षा बरे.

हा उपाय सर्वत्र लागू पडेल असे मात्र मी म्हणणार नाही. मोठ्या नटांचा चित्रपट पहिल्या तीन दिवसांतच कमावतो, तो उशिरा लावणे म्हणजे शिळे अन्न वाढणे. निपाणीच्या प्रेक्षकाला कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर आहे. तो तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबत नाही, गाडी काढून तिकडे पाहून येतो, म्हणून निपाणीत उशीर चालत नाही आणि खानापुरात चालतो. ओटीटीवर चित्रपट किती दिवसांनी येणार हेही पाहावे लागते. हिंदीसाठी मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या आठ आठवड्यांचे अंतर मागतात, मराठीत ते करारागणिक बदलते, आणि चार आठवड्यांत घरी दिसणार असेल तर तिसऱ्या आठवड्यात तिकीट काढून येणारे थोडेच. आणि आपल्याकडे गणेशोत्सवाचे दिवस किंवा शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र अशा वेळी काहीही लावले तरी सायंकाळचे शो रिकामेच जातात. अख्खे बेळगाव रस्त्यावर असते.

आता आपण काय करावे, हे विचारले नसले तरी सांगतो. पहिली गोष्ट, भावाचा फोन आल्यावर 'पुढच्या शनिवारी' असे न ठरवता त्याच दिवशी थिएटरला विचारावे आणि चित्रपट उतरलेला असेल तर तो पुन्हा लावणार का हेही विचारावे. आपल्याला वाटते त्यापेक्षा हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मला एका चित्रपटाबद्दल आठवड्यात पाच वेगवेगळे फोन आले की मी ते वितरकाला कळवीत असे. दुसरी गोष्ट, चौघांऐवजी चाळीस-पन्नास माणसांचे बोलणे करावे. सोसायटी, महिला मंडळ, वाचनालयाचे सभासद, जुने वर्गमित्र, कोणीही चालेल. लहान पडद्याच्या दुपारच्या शोला पन्नास तिकिटांची आगाऊ खात्री असेल तर बेळगावातील कोणताही शहाणा व्यवस्थापक नकार देणार नाही. वरच्या हिशेबात 25 माणसांवर रडणारा शो पन्नासवर हसू लागतो. 30 जून 2023 ला आलेला 'बाईपण भारी देवा' महाराष्ट्रात गटागटाने येणाऱ्या महिलांमुळेच पहिल्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात अधिक चालला, हे आमच्या धंद्यात सर्वांनी पाहिले आहे.

असे बोलणे करायचे असेल तर वार सांभाळावा. येत्या शुक्रवारचे शो सोमवारपासून ठरू लागतात आणि बुधवारी सायंकाळपर्यंत बहुतेक पक्के होतात. गुरुवारी आलेल्या माणसाला व्यवस्थापक चहा पाजतो, परंतु शो देऊ शकत नाही. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, पहिला शो सुरू झाल्यावर, व्यवस्थापकाला थोडी उसंत असते. तेव्हा जावे, चित्रपटाचे नाव आणि माणसांचा आकडा कागदावर लिहून द्यावा आणि तिकिटांचे निम्मे पैसे आगाऊ ठेवण्याची तयारी दाखवावी.